बाभळीचा निखारा

चिरूट पेटवण्याआधी आमचे नाना तो कानाशी धरत आणि दोन बोटांत हळूच फिरवत. घड्याळ चालू आहे की बंद, हे बघावं तसे डोळे मिटून ऐकत. चिरूट करकरला तर आपल्या अहिराणीत म्हणत, "वाळला शे." काहीच बोलला नाही तर, "ओल मारली शे." आणि वाळल्या पानावरून मुंगी चालत जावी इतपतच आवाज आला, तर त्यांचा चेहरा उजळायचा. "हां! हा सांगी राहिना बरोबर."

काय सांगत होता, ते मला अजून कळलेलं नाही. मीही एकदा ऐकून पाहिलं. मला फक्त माझ्याच कानातला मळ ऐकू आला.

नाना म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मावशीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. जळगावात आमचं आणि त्यांचं घर समोरासमोर. नानांचा धंदा कापूस पारखण्याचा. सरकी काढायच्या जीनमध्ये कापूस आला की नाना मूठभर उचलत, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढत, आणि तुटलेली तार डोळ्यांसमोर नेऊन एका शब्दात निकाल देत. गाडीवाला कितीही ओरडला तरी तो शब्द बदलत नसे. पुढे या बोटांना चिरुटाची सवय लागली आणि तीच पारख त्यांनी तिकडे लावली. चिरुटाचे तीन भाग करून त्यांना ते पहिली वेचणी, दुसरी वेचणी आणि फरदड म्हणत. पहिल्या वेचणीत कचरा असायचाच. खरी तार दुसरीत. आणि फरदड, म्हणजे शेवटचा बोटभर तुकडा, "गरज असेल त्यानंच ओढावा."

चिरूट यायचे थेट मद्रासकडच्या दिंडीगलहून, पार्सलनं. पेटी उघडायचा दिवस घरात सणासारखा. नाना आंघोळ करून बसत. एकेक चिरूट उचलून त्याच्या पानाच्या शिरा बघत, बोटांनी दाबत कुठे पोकळ आहे का ते तपासत, न पेटवताच एक कोरडा झुरका घेत आणि मग त्याचं टोक अडकित्त्यानं इतकं हलकं कापत, की अक्कानं सुपारीसुद्धा इतक्या मायेनं कधी कातरली नसेल. राख झटकायची नाही. राख पांढरी आणि अंगठ्याच्या पेराएवढी लांब टिकली, तर तो चिरूट पास. मधेच पडली तर वळणाऱ्याचा हात घाईत होता. "त्या दिवशी त्याच्या घरी काहीतरी बिनसलं असेल," असं ते दिंडीगलच्या त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल काळजीनं म्हणत.

धूर गिळायचा नाही, तोंडात खेळवून सोडून द्यायचा. हे त्यांनी मला आधी सांगायला हवं होतं. कचेरीत नोकरी लागली त्या आनंदात मी त्यांच्याकडे एक झुरका मागितला आणि सबंध गिळला. त्यानंतर अर्धा तास मी ओट्यावर आडवा होतो आणि नाना माझ्याकडे न बघता उरलेल्या चिरुटाची राख बघत होते. "चिरूट उत्तम शे," ते म्हणाले. "माणूस कवडी निघाला." कवडी म्हणजे डाग पडलेला, हलका कापूस.

पण या सगळ्या सोहळ्याचा मुख्य मानकरी होता निखारा. काडीपेटी नानांच्या घरात स्वयंपाकघराबाहेर यायची नाही. गंधकाचा वास पहिल्या झुरक्यात उतरतो म्हणे. गोवरीचा निखारा नको, गोठा आठवतो. निखारा हवा बाभळीचा, बोराएवढा, सगळीकडून सारखा लाल. असा निखारा चुलीतून निवडून, चिमट्यात धरून, वाटेत फुंकर न घालता आणणारं माणूस घरात एकच होतं. त्यांची मुलगी कुसुम. संध्याकाळी पाचला नाना ओट्यावरच्या आरामखुर्चीत बसले, चिरूट कानाशी नेला, की ते हाकसुद्धा मारत नसत. कुसुम चिमटा घेऊन दारात उभी असायची. मग खालच्या पायरीवर बसून ती बापाची राख पडते का ते बघत राहायची. तासभर दोघं बसत. बोलत फारसे नसत.

चिरुटांवरून नानांनी गावाशी उभा दावा मांडला होता. कीर्तनकार बुवांनी भर कीर्तनात त्यांच्याकडे बघून धुराचा दृष्टान्त दिला, तर नाना दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत बसले, खिशातून चिरुटाचं टोक बाहेर काढून. गल्लीतले खादीवाले भाऊ एकदा ओट्याशी थांबून म्हणाले, "नाना, गोरा गेला, पण ही नळी तुमच्या तोंडात ठेवून गेला!"

नानांनी धूर सोडला. "भाऊ, बावीस वर्षं मी साहेबाच्या व्हरांड्यात कापसाचे नमुने घेऊन जायचो. तो खुर्चीत बसून चिरूट ओढायचा, आणि मी उभा. चिरूट संपेपर्यंत उभा. जाताना त्यानं अर्धी पेटी दिली आणि पहिल्यांदा म्हणाला, बसा. तेव्हा त्याचं सामान बांधून झालेलं होतं, खुर्च्यासुद्धा. आता तो गेला. आता मी बसतो. तुम्हाला त्रास होत असेल तर पलीकडच्या बोळातून जात जा."

भाऊ त्यानंतर खरंच पलीकडच्या बोळातून जायला लागले.

घरात मात्र नानांना अक्काशी दोन हात करावे लागत. पेटी ते पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूशेजारी ठेवत, कारण जळगावच्या उन्हाळ्यात चिरूट तडकतो. एका वैशाखात अक्कानं पेटी उघडली, तर चिरुटांवर पांढरी भुकटी. नानांच्या मते ती मुरलेल्या तंबाखूची साय होती. अक्काच्या मते बुरशी. तिनं संसारी बाई करील तेच केलं. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, त्यांच्या शेजारी धोतर पसरून पंचवीसच्या पंचवीस चिरूट ओळीनं उन्हात घातले, आणि कावळे येऊ नयेत म्हणून काठी घेऊन बसली. नाना जीनमधून आले आणि गच्चीवर गेले. खाली आले ते एक तडकलेला चिरूट तळहातावर घेऊन. अक्का म्हणाली, "दोनदा उलटलेसुद्धा मी." त्या वर्षी कुरडया तळल्या की त्यांना दिंडीगलचा वास यायचा. नाना त्या आवडीनं खात. माफी म्हणून नव्हे, पारख म्हणून.

तर असे हे नाना, आणि यांच्या कुसुमचं स्थळ जमवायचं काम मी अंगावर घेतलं. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं आणि शेवटचं मध्यस्थीचं काम. स्थळ धुळ्याचं. वडील वकील, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मुलगा माधव, शाळामास्तर, निर्व्यसनी. घराणंच निर्व्यसनी. मुलीच्या वडिलांना काही नाद आहे का, असं भाऊसाहेबांनी विचारलं तेव्हा मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाहीत." हे अक्षरशः खरं होतं.

दिवाळीनंतर मंडळी मुलगी बघायला यायची ठरली. अक्कानं नानांना देवासमोर उभं केलं. "पोरीचं कल्याण व्हायचं असेल तर पाहुणे असेपर्यंत चिरूट दिसता कामा नये. आधीची दोन स्थळं या धुरापायीच गेली."

नानांनी देवाला हात जोडले. मग म्हणाले, "बरं. पाहुणे असेपर्यंत."

त्या दिवशी नानांनी कोट घातला. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. भाऊसाहेब आले, माधव आला आणि माधवची आत्या आली. पोहे झाले. कुसुम येऊन उभी राहिली. बस, असं कुणी म्हणालं नाही. तिनं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. सुईत दोरा ओवून दाखवला, उभ्यानंच. दारापर्यंत चालून दाखवलं. भाऊसाहेबांनी वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचायला लावला. तोही तिनं उभ्यानं वाचला. नाना ओट्यावरून आत आणलेल्या आरामखुर्चीत बसून जमिनीकडे बघत होते. मी मनात म्हटलं, आणखी दहा मिनिटं, मग मी जिंकलो.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. "केस खरे आहेत ना? गंगावन तर नाही?" असं म्हणत त्यांनी कुसुमच्या वेणीचं टोक दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरलं आणि झटक्यानं ओढलं.

नानांनी नेमकी त्याच वेळी मान वर केली. तो झटका त्यांच्या ओळखीचा होता. सगळा जन्म त्यांनी तसाच कापूस ओढला होता.

"कुसुम," ते शांतपणे म्हणाले, "निखारा आण."

अक्काच्या हातातून पाण्याचा पेला सुटला. कुसुमनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि ती आत गेली. नानांनी कोटाच्या आतल्या खिशातून चिरूट काढला. म्हणजे तो सकाळपासून तिथे होताच. भाऊसाहेबांसमोरच्या पानाच्या तबकातला अडकित्ता उचलला, टोक कापलं. चिमट्यात बोराएवढा लाल निखारा आला. चिरूट पेटला. मग नाना खुर्चीतून उठले.

"बस," ते कुसुमला म्हणाले. "ह्या खुर्चीत बस."

कुसुम बसली. अंग चोरून, अगदी काठावर, पण बसली. नाना तिच्यामागे उभे राहिले.

"आता विचारा काय विचारायचं ते," ते पाहुण्यांना म्हणाले. "ती बसून उत्तर देईल. मी उभा राहतो, मला सवय शे. पण बाई, तार बघायला तो हात परत लावायचा नाही. मनी पोर कापूस नही शे."

घरात फक्त धूर हलत होता. भाऊसाहेब माझ्याकडे वळले. "वसंतराव! तुम्ही तर म्हणाला होतात, सुपारीचं खांडसुद्धा..."

"सुपारी नाहीच खात ते," मी म्हणालो.

पाहुणे उठले. धुळ्याच्या मोटारीला दीड तास होता, तरी उठले. अक्का आत जाऊन रडायला लागली. "तिसरं स्थळ! पोर घरातच म्हातारी करायची आहे का तुम्हाला?" पहिल्यांदाच मी नानांची राख मधेच पडलेली पाहिली.

छत्री विसरली म्हणून माधव परत आला आणि छत्री हातात घेऊन उभाच राहिला. "किती वेळ चालतो हा?" त्यानं चिरुटाकडे बघत विचारलं.

"तासभर. घाई केली तर कडू लागतो."

"बसूनच ओढायचा?"

"बसूनच."

माधवनं खुर्चीतल्या कुसुमकडे पाहिलं, मान हलवली आणि तो गेला.

महिन्याभरानं त्याचं पत्र आलं. वडिलांचं नव्हे, त्याचं स्वतःचं. 'मला मुलगी पसंत आहे. मी तिला पसंत आहे का, हे तिला बसवून विचारावे आणि कळवावे.' नानांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग कानाशी धरून बोटांत फिरवलं. "ओल नही शे," ते म्हणाले. नंतर कुसुमला खुर्चीत बसवून विचारलं, आणि ती हो म्हणाली तेव्हा आम्हाला म्हणाले, "घ्या करून."

माघात लग्न झालं. भाऊसाहेब लग्नात नानांशी एकूण चार शब्द बोलले, त्यातले दोन पंक्तीबद्दल होते. आत्याबाई आल्याच नाहीत.

त्यानंतर मी संध्याकाळी समोर बघायचो, तर नाना ओट्यावर खुर्चीत, तोंडात चिरूट, पण धूर नाही. एकदा जाऊन मी खिशातून काडीपेटी काढली. "गंधक!" ते असे ओरडले, की रस्त्यावरची शेळी थबकली. आत अक्का हळू आवाजात म्हणाली, "रोज असंच. मी निखारा नेते, तर म्हणतात मोठा आहे. लहान नेला, तर राखाडला म्हणतात. नुसता तोंडात धरून बसतात रे वसंता, तासभर. मग पेटीत ठेवून देतात." तीन महिने तोच एक चिरूट चालला होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. आदल्या दिवशी दुपारपासून नाना ओट्यावर होते. वाट बघत नव्हते, ऊन कसं आहे ते बघत होते, असं ते म्हणाले. टांगा थांबला, कुसुम उतरली. नानांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि एका शब्दात निकाल दिला, "वाळली." ती हसली. गाठोडं पायरीवर टाकून तशीच आत गेली, आणि मी गाठोडं उचलेपर्यंत चिमटा घेऊन बाहेर आली. बाभळीचा, बोराएवढा, सगळीकडून सारखा लाल.

नानांच्या तोंडात चिरूट होता. ते पुढे वाकले नाहीत. त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. ती नवी होती, मी आधी पाहिलेली नव्हती.

"आधी बस," ते म्हणाले. "धुळ्याला बसू देतात का नाही, ते सांग."

कुसुम बसली, आणि सांगू लागली. भाऊसाहेबांचं, शाळेचं, माधव स्वतः चहा करतो त्याचं. नाना ऐकत होते, चिरूट कधीच हातात आला होता. मी समोर उभा राहून चिमट्याकडे बघत होतो. तिच्या हातात तो तसाच होता आणि निखारा आधी लाल होता, मग काळपट, मग करडा. शेवटी त्याची पांढरी राख झाली, चांगली अंगठ्याच्या पेराएवढी, आणि पडली नाही.

नानांचं तिकडे लक्षच नव्हतं.