घुंगरांच्या जागी जपानी गाणं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, शाळा आठवीत सुटली, त्याबद्दल आधीच माफी मागतो. तर यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या रसवंतीत एक जपानी प्रेमगीत कामाला लागलं.

आमची रसवंती जतच्या एसटी स्टँडसमोर आहे. मी चरक चालवतो, आई गल्ल्यावर बसते. गाणं विजापूरच्या गाडीतून आलं. एक कॉलेजची मुलगी ते कानात घेऊन बसली होती. उतरताना तिचा इयरफोन निसटला, गाणं खाली पडलं, आणि ती रिक्षात बसून निघून गेली. गाणं स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकांकडे गेलं. त्यांनी विचारलं, "तू प्रवासी का सामान?" गाणं म्हणालं, "माफ करा, मी प्रेमगीत आहे." हे दोन्हींत बसत नसल्यामुळे त्यांनी त्याला सावलीला म्हणून आमच्याकडे पाठवलं.

गाणं पुरुषाच्या आवाजातलं होतं, वयानं माझ्याएवढंच असावं. ते दिसत नसे, पण बाकावर कुठं बसलंय ते कळायचं, कारण तिथं माणसं आपोआप सरकून बसत. एरवी ते मराठी बोलायचं, गाताना जपानी. ते काय गातंय हे ऐकणाऱ्याला समजायचं. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

"जेवतंय का?" आईनं मला विचारलं.

"नाही."

"मग राहू दे. पर रिकामं बसायचं न्हाई."

त्याच आठवड्यात चरकाच्या घुंगरांचा पट्टा तुटला होता. घुंगरं वाजली नाहीत तर स्टँडवरच्या माणसाला रस चालू आहे हे कळत नाही. गाण्याला हात नव्हते, त्यामुळे लिंबू कापणं किंवा ग्लास विसळणं त्याला जमणार नव्हतं. आईनं त्याला घुंगरांच्या जागेवर घेतलं. चाक फिरलं की गाणं सुरू, थांबलं की बंद.

गाण्यात एक मुलगा आहे. त्याला एक मुलगी आवडते. दोघं रोज स्टेशनवर भेटतात. तो तिला विचारतो, छत्री आणलीस का. थंडी वाजते का. खरी गोष्ट काही बोलत नाही. शेवटच्या कडव्यात गाडी येते, मुलगी चढते, आणि मुलगा स्वतःशी म्हणतो, उद्या सांगेन. तिथं गाणं संपतं.

कॉलेजची पोरंपोरी ऐकायला यायला लागली. ऐकून त्यांचे डोळे भरायचे, मग ती दुसरा ग्लास मागायची. आई गल्ल्यावरून ओरडायची, "रडायचं आसंल तर ग्लास बाजूला ठिवून रडा! रस खारट लागला की नाव माझं जातंय."

कस्तुरीही यायची. ती स्टँडमागच्या टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवते आणि क्लास सुटला की आमच्याकडं रस पिते. दोन वर्षांत मी तिच्याशी एकच वाक्य बोललो होतो. "बर्फ घालू?" ती म्हणायची, "थोडा." मी त्यावर घरी जाऊन बराच विचार करायचो.

एक दिवस गाणं संपल्यावर तिनं मला विचारलं, "काय ओ, हा मुलगा शेवटी सांगतो का न्हाई?"

मी म्हणालो, "बर्फ घालू?"

तिनं ग्लासात बघितलं. "घातलाय की."

ती गेल्यावर गाणं हळूच म्हणालं, "माफ करा. तुमचंही उद्याचंच आहे का?" मी विसळलेले ग्लास परत विसळले.

शुक्रवारी कस्तुरी पिशवी सावरत आईला म्हणाली, "मावशी, रविवारी विजापूरचा मुलगा बघायला यायलाय. जमलं तर लगेच उरकायचं म्हणतायत अण्णा. मग काय, तुमचा रस बंद." एवढं बोलून तिनं माझ्याकडं बघितलं आणि गेली.

मी चाक फिरवत राहिलो. थोड्या वेळानं आई म्हणाली, "सिदराम, चरकात ऊस न्हाई. काय पिळायलाईस?"

मी थांबलो. गाणंही थांबलं.

"व्हय रं बाबा," आई म्हणाली, "दोन वर्सं मी बर्फाचा खर्च बघतीया. मला काय कळत न्हाई व्हय? उद्या मागणी घालायला जाऊ."

आमच्यात मागणी मध्यस्थानं घालायची असते. मुलानं तोंड उघडायचं नसतं, त्याच्या आईनंही नाही. मध्यस्थ म्हणून माझे मामा चांगले आहेत, पण एका लग्नात पंगतीत आधी कोण बसलं यावरून ते आणि कस्तुरीचे वडील एकमेकांशी बोलत नाहीत. आईनं बाकाकडं बघितलं. "गाण्या, तू प्रेमाचंच काम करतंस न्हवं? मग एवढं कर."

"प्रयत्न करतो," गाणं म्हणालं.

शनिवारी आम्ही तिघं कस्तुरीच्या घरी गेलो. तिचे वडील मलगोंडाअण्णा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत. त्यांनी चार खुर्च्या मांडल्या आणि मोकळ्या खुर्चीकडं बघून विचारलं, "मध्यस्थ तुम्ही? कुठनं आलाय?"

"जपानहून."

"डायरेक्ट?"

"गाडी बदलून."

"पोराशी नातं काय?"

"मी त्यांच्याकडं घुंगरांच्या जागेवर आहे."

"कायम का हंगामी?"

"हंगामी."

"चालंल. घाला मागणी."

गाणं उभं राहिलं, आवाज वरून यायला लागला, आणि ते गायलं. स्टेशन आलं, छत्री आली, थंडी आली. अण्णांनी चष्मा काढून पुसला. आईनं पदर डोळ्याला लावला. गाडी आली, मुलगी चढली. उद्या सांगेन, म्हणून गाणं खाली बसलं.

"छान," अण्णा म्हणाले. "पर मागणी कुठाय?"

"माफ करा. मी इथंच संपतो."

"आवो, मागणीच न्हाई तर मी हो म्हणू कशाला आन् न्हाई म्हणू कशाला? उद्या विजापूरचे येतील, ते सरळ बोलतील. मग मला त्यांना उत्तर द्यावं लागंल."

गाणं खुर्चीत लहान झालं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कस्तुरीचा आवाज आला. "अण्णा, परत म्हणायला सांगा की."

गाणं परत उभं राहिलं. या वेळी ते हळू गात होतं, शेवट लांबावा म्हणून. तरी गाडी आलीच. मुलगी चढली. मुलगा म्हणाला, उद्या सांगेन. आणि गाणं बसायच्या आत मी उभा राहिलो.

"उद्या नाही," मी म्हणालो. "आज सांगतो. मला कस्तुरीशी लग्न करायचंय. ती रस प्यायला आली नाही तर मला चरक चालवायचा नाही."

अण्णा गंभीर झाले. "पोरानं सवता बोलायचं नसतंय. ही मागणी धरता येत न्हाई."

"त्यो कुठं बोलला?" आई ताडकन म्हणाली. "गाणं अजून उभं हाय. ते गाण्याचंच कडवं हुतं."

अण्णा खुर्चीकडं वळले. "मध्यस्थ, खरं सांगा. हे कडवं तुमच्यातलं हाय का?"

हो म्हटलं तर गाणं पुन्हा पूर्वीसारखं होणार नव्हतं. जिथं जिथं ते वाजेल तिथं तो मुलगा आता बोलणार होता, आणि ज्यांना जुनंच गाणं आवडतं त्यांना काय वाटेल कोण जाणे. मी त्याला मान हलवून नको म्हणालो. त्यानं ऐकलं नाही.

"हो," ते कमरेत वाकून म्हणालं. "माझंच आहे. आतापर्यंत म्हणायचं राहिलं होतं."

"मग धरली," अण्णा म्हणाले. "माझी ना न्हाई. पोरीला विचारतो."

कस्तुरी सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं आधी अण्णांना दिलं, मग आईला, मग मोकळ्या खुर्चीसमोर एक ग्लास ठेवला. शेवटी माझ्यासमोर आली. तिच्या हातात छोटं भांडं होतं.

"बर्फ घालू?" तिनं विचारलं.

"थोडा," मी म्हणालो.

अण्णांनी लगेच विजापूरला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाण्याला स्टँडवर नेलं. त्याला जपानला परत जाण्याची घाई झाली होती, कारण त्याच्यातली ती मुलगी अजून स्टेशनवर येत असेल तर गाठायला हवी होती. वाहतूक नियंत्रकांनी त्याला पुण्याच्या गाडीत खिडकीजवळ बसवलं आणि शेजारच्या बाईंना सरकून बसायला सांगितलं. त्या आधीच सरकल्या होत्या. मग मी नवीन पट्टा आणला, घुंगरं ओवून चाकाला बांधली आणि चरक सुरू केला. रविवार असूनही कस्तुरी आली आणि म्हणाली, "गाणं कुठाय?"

"गाडीत बसवलं," मी म्हणालो, आणि तिच्या ग्लासात न विचारता थोडा बर्फ घातला.