चोचीएवढी फट

एका जंगलात, जिथली झाडं अजून झाडांच्याच नावावर होती, सुरंगी नावाची एक धनेशीण राहायची.

बाळांनो, म्हणजे ज्यांना आता स्वतःची बाळं आहेत अशा बाळांनो, धनेश पक्ष्यांची एक रीत आहे. ती आधी नीट ऐका. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि आतून दार लिंपून घेते. चिखल, फळांचा लगदा आणि आणखी एक पदार्थ. तो कोणता, हे जेवताना विचारू नये. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. नवरा बाहेरून उंबरं आणतो आणि त्या फटीतून भरवतो. असे जवळजवळ तीन महिने.

सुरंगीला आत जाताना बरंच वाटलं होतं. तीन महिने पाहुणे नाहीत, रावळे नाहीत.

पण ढोलीत बसलं की धनेशिणीची पिसं झडतात. पंखांची झडतात, शेपटीचीही झडतात. बसून बसून पोट सुटतं. मग पिल्लं होतात. सुरंगीला दोन झाली. सगळे म्हणाले, गोड आहेत. सुरंगीला ती पहिले पंधरा दिवस उकडलेल्या रताळ्यासारखी दिसली. आपल्याला असं दिसतं म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असंही वाटलं. मग तिने त्यांना जास्तच कुरवाळलं.

एका सकाळी तिने स्वतःकडे पाहिलं. ढोलीत आरसा नसतो, पण मान वळते.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही कोण?"

नेमका त्याच दिवशी तिचा नवरा नारोबा फटीशी येऊन म्हणाला, "अगं, पिल्लं मोठी झाली की आता. बाहेर कधी येतेस? किती दिवस झाले."

त्या 'किती दिवस झाले'मध्ये जे होतं, ते सुरंगीला बरोबर कळलं. त्या जंगलात त्याचं नाव कुणी घेत नसे. सगळे नुसतं 'ते' म्हणत. पिल्लं घरोघरी होती, पण 'ते' कुणीच करत नव्हतं.

"येईन हो आठवड्याभरात," सुरंगी म्हणाली आणि रात्रंदिवस विचार करू लागली. मला असं बघून यांना ते हवंसं वाटेल का? वाटलं, तर मला हवंसं वाटेल का? वाटलं, तर दुखेल का? आणि हे विचारायचं कुणाला?

विचारायला एकच जागा होती. समोरच्या आंब्यावर कोकिळाताई रोज सकाळी वर्ग घ्यायच्या. वर्गाचं नाव 'आई झाले तरी तीच मी'. खालच्या फांद्यांवर बसायला जागा नसे.

"सख्यांनो," कोकिळाताई गोड गळ्याने म्हणायच्या, "मी पाच मुलांची आई. आणि ही माझी कंबर बघा!"

सगळ्याजणी कंबर बघायच्या. मग खाली मान घालून आपापली बघायच्या.

सुरंगीने ढोलीतूनच वर्ग धरला. पोट आत, श्वास वर, ओठ हसरे. धनेशाला ओठ नसतात, तरी तिने प्रयत्न केला. ढोली हातभर रुंद आणि आत तिघं. ती डावीकडे वाकली की थोरलं चेंगरायचं. उजवीकडे वाकली की धाकटं.

"आई काय करतेय?" धाकट्याने विचारलं.

"तीच होतेय," थोरलं म्हणालं.

आठवडा गेला. सुरंगी काही पुन्हा तीच झाली नाही. तिने आणखी आठवडा मागून घेतला.

मग कोकिळाताईंनी नाजूक विषय घेतला. त्यासाठी त्यांनी आवाज इतका मऊ केला की मागच्या रांगेला काही ऐकूच आलं नाही. त्या म्हणाल्या, "नवऱ्याला सगळं दाखवू नये, सख्यांनो. थोडकं दाखवावं. ओढ टिकते."

सुरंगीला एकदम पटलं. तिने चिखल कालवला आणि फट आणखी लिंपली. आधी चोच जायची, आता चोचीचं टोक तेवढं जेमतेम जाई.

बाळांनो, इथे शहाण्या माणसाच्या ध्यानात एक गोष्ट आली असती. सुरंगी शिकलेली होती, त्यामुळे तिच्या आली नाही.

फटीतून आता उंबर आत येईना.

नारोबाने दोनदा ढकललं. उंबर फुटलं, रस बाहेरच्या बाहेर ओघळला. "अगं, फट लहान झालीय का?" त्याने विचारलं. आत सुरंगीने पोट आत घेतलं. त्या दिवसापासून तो करवंदाएवढी बारीक फळं आणायचा, बाजूला उभा राहून चोचीचं टोक तेवढं पुढे करायचा, फळ आत सोडायचा आणि लगेच उडून जायचा.

"बघ," सुरंगी स्वतःला म्हणाली, "आत्ताच तोंड फिरवतायत."

तीन दिवसांत पिल्लं इतकी भुकेजली की ओरडायला लागली. चौथ्या दिवशी धाकटं ओरडायचं थांबलं. ते कोपऱ्यात मान टाकून बसलं. सुरंगी त्याला चोचीने हलवू लागली.

तेवढ्यात बाहेरून कर्कश आवाज आला. "कोण गं उपाशी आहे इथे?"

ती कावळीणकाकू होती. पिसं विस्कटलेली, डोळ्यांखाली काळं. आता कावळ्याच्या डोळ्याखालचं काळं कसं दिसतं, म्हणाल. तिचं दिसायचं. मागोमाग तिचं एक पोर, तिच्याहून जाडजूड, 'दे दे' करत होतं.

कावळिणीने फटीला डोळा लावला आणि म्हणाली, "हे काय? ढोली आहे की मडकं? पोरं मारायचीयत का तुला?"

सुरंगीला रडूच आलं. तिने सगळं सांगितलं. पोट, पिसं, ओढ टिकवायचा धडा. आणि मग, एवढी रडतेच आहे तर हेही, म्हणून 'ते'सुद्धा सांगितलं.

"हात्तिच्या!" कावळीण म्हणाली. "पिसं येतात गं परत. त्यांच्या वेळेनं येतात, तुझ्या वर्गाच्या वेळेनं नाही. पोट थोडं राहतं, राहू दे, त्यात दोघं राहून गेलीयत. आणि 'त्या'चं म्हणशील तर, अंग भरून आल्याशिवाय घाई करायची नाही. नको असेल तर नको म्हण. दुखलं तर दुखतंय म्हण, लाजून सोसायचं नाही. तरी दुखतच राहिलं तर वैदूबाईला दाखव. मला हसली नाही ती, तुला काय हसणार?"

"आणि हवं असेल तर?"

"तर हवंय म्हण. तेच सगळ्यात जड जातं."

सुरंगी थक्क झाली. हे सगळं इतकं स्पष्ट कुणी कधी बोललं नव्हतं. मग वर्ग हिचा का नाही? कारण उघड होतं. गळा गोड नसला की खरं बोलणंही भांडणासारखं ऐकू येतं.

एवढ्यात कावळिणीचं ते जाडजूड पोर भुकेने ओरडलं. ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला, वर चढला आणि शेवटी निघालं ते स्वच्छ, गोड 'कुऊ'.

सुरंगीने फटीतून पोराकडे पाहिलं. मग समोरच्या आंब्याकडे पाहिलं. मग तिला ती कंबर आठवली.

"काकू," ती चाचरत म्हणाली, "तुमचा हा..."

"ठाऊक आहे मला," कावळीण म्हणाली. "आईला कळत नाही होय? पाचही माझ्याकडेच वाढली. पण भुकेलं आलंय दारात, त्याला काय कंबर दाखवू?"

आणि ती उडाली. तिला थांबायला वेळ नव्हता.

सुरंगी भिंतीशी उभी राहिली. नारोबा करवंद घेऊन आला, बाजूला लपून त्याने चोच पुढे केली. सुरंगीने ती आतून घट्ट धरली.

"अहो, समोर या."

"नको," नारोबा बंद चोचीतून म्हणाला.

"का नको?"

"तूच फट बुजवलीस ना? तुला मी बघवेना म्हणूनच ना?"

"मला बघवेना? अहो, तुम्ही मला बघू नये म्हणून बुजवली मी!"

मग नारोबा म्हणाला, "मी पार वाळलोय गं. चोचीचा टवका उडालाय. मला वाटलं, ही बाहेर येऊन म्हणेल, हा कोण? म्हणून मोराच्या वर्गाला गेलो होतो. 'बायको भुलवा' म्हणून आहे."

"मग?"

"पिसारा फुलवायला सांगितला. माझी शेपूट वीतभर. फुलवायला गेलो तो फांदीवरून पडलो."

सुरंगीला हसू फुटलं. पोट आत न घेता फुटलं. हसता हसता तिने भिंतीवर चोच हाणली. बाहेरून नारोबाने हाणली. ढेकळं पडली, उजेड आत आला, आणि दोघं समोरासमोर उभी राहिली.

"केवढे वाळलात हो!" सुरंगी म्हणाली.

"आणि तू किती..." नारोबा म्हणाला आणि थबकला.

"किती काय?"

आख्खं जंगल कान टवकारून होतं.

"किती दिवसांनी दिसलीस," नारोबा म्हणाला.

सुटला, बाळांनो. थोडक्यात सुटला.

आधी दोघांनी पिल्लांना पोटभर उंबरं चारली. धाकट्याने मान वर केली आणि आणखी मागितलं. मग भर दुपारी दोघं एका फांदीवर बसली.

"आज नको हं," सुरंगी म्हणाली.

"मलाही नको. पंख मोडून आलेत," नारोबा म्हणाला. "पण जवळ बस."

ती जवळ बसली. पुढे काय झालं? दोघं झोपली. अगदी घोरली. तीन महिन्यांत कुणी सलग झोपलं नव्हतं.

पुढे पिसं आली, काही आधी, काही मागाहून. पोट थोडं राहिलं. आणि एका सकाळी सुरंगी नारोबाला म्हणाली, "मला हवंय." ते जरा मोठ्याने गेलं. जंगलात सन्नाटा पसरला. सशांनी कान झाकले. कोकिळाताईंनी डोळ्यांवर पंख घेतले आणि पिसांच्या फटीतून पाहिलं.

फक्त समोरच्या झाडावरून कर्कश आवाज आला, "दुखलं तर थांबा गं!"

पुढच्या आठवड्यापासून कोकिळाताईंनी नवा वर्ग सुरू केला, 'फट मोठी ठेवा, नातं मोकळं ठेवा'. तुफान चालला. कावळीणकाकूंनाही आग्रहाचं बोलावणं होतं, पण त्यांना जमलं नाही. या वर्षी सहावं होतं.

तात्पर्य : बाळंतपणानंतर कंबर जशीच्या तशी राखण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे, अंडं कावळिणीच्या घरट्यात घालावं. मग सल्ला द्यायलाही भरपूर वेळ मिळतो.