धुळ्यामार्गे हंगेरी

आमच्या शेजारचे भास्करनाना रोज सकाळी अंगणात उभ्या असलेल्या गाडीत, डाव्या सीटवर बसून गाडी चालवायचे. स्टिअरिंग अर्थातच उजवीकडे होतं, म्हणून नानांच्या हातात स्टीलचं ताट असायचं. ते ताट वळवत वळवत नाना जर्मनीतून ऑस्ट्रियात शिरायचे. खऱ्या स्टिअरिंगसमोर त्यांच्या पत्नी, अक्का, मेथी निवडत बसलेल्या असायच्या.

"युरोपात ड्रायव्हर डावीकडे असतो," मी पहिल्यांदा कुंपणाशी थबकलो तेव्हा नानांनी सांगितलं. "गिअर उजव्या हाताला. इथं बसलं की तो आपोआप उजव्या हाताला येतो. प्रश्न फक्त स्टिअरिंगचा होता."

"आणि हॉर्न?"

"तिकडे वाजवत नाहीत," नाना म्हणाले आणि ताट डावीकडे वळवलं.

नाना मूळचे सावद्याचे, केळीवाल्या घरातले. नोकरी मात्र बांधकाम खात्यात केली आणि जळगावातच निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात, नाही तर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून भांडतात. नानांनी युरोपचा नकाशा आणला आणि बैठकीत आजोबांच्या फोटोच्या जागी लावला. आजोबा स्वयंपाकघराच्या वाटेवर गेले.

पाच देश, स्वतः गाडी चालवत, नवरा-बायको दोघंच, असा बेत होता. युरोप मोठा आहे हे नानांना मान्यच नव्हतं. "दोन तालुके गेले की देश बदलतो," असं ते म्हणायचे. लक्झेंबर्ग धुळे जिल्ह्यात दोनदा मावतं. व्हिएन्ना ते ब्रातिस्लावा म्हणजे आपलं जळगाव-धुळे, त्याहूनही थोडं कमीच. मी एकदा सीमेवरच्या तपासणीचं विचारलं, तर नाना शांतपणे म्हणाले, "शेंगेन करार आहे त्यांचा. एकदा आत शिरलं की कोणी विचारत नाही. जळगाव सोडून धुळ्यात शिरताना तुला कोण विचारतं, सतीश?"

त्यांच्या पुतण्याने एका टूर कंपनीचं रंगीत पत्रक आणून दिलं. सगळं आयतं होतं, जेवणात वरणभातसुद्धा होता. नानांनी ते मन लावून वाचलं आणि परत केलं.

"बस आपल्या मनानं थांबत नाही," ते म्हणाले.

हे कारण कॉलनीत कोणालाच पटलं नाही. म्हातारा हट्टी आहे, यावर एकमत झालं.

अक्कांना गाडी लागायची, हे मला फार उशिरा कळलं. एसटी, रिक्षा, काहीही. गल्लीच्या टोकाला जायचं तरी त्या पायी जायच्या. फार वर्षांपूर्वी माहेरी पिंपळनेरला एका लग्नाला गेल्या, तेव्हा एसटीतून उतरता उतरताच सगळ्या वऱ्हाडासमोर उलटी झाली. कोणीतरी हसलं. तेव्हापासून त्या माहेरी गेल्या नव्हत्या. थोरली बहीण, जिजी, दर उन्हाळ्यात कुरडयांचा डबा घेऊन जळगावला यायची. मागल्या साली ती अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि येणं बंद झालं.

ताटाचा सराव काही महिने चालला. मग एके दिवशी नानांनी इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही. अक्का मेथी निवडत राहिल्या. काही दिवसांनी दोघांनी जागा बदलल्या आणि गाडी फाटकाबाहेर पडली. आधी कॉलनीला एक फेरी, पुढे पाळधीपर्यंत. मग नानांनी जाहीर केलं की आता रंगीत तालीम. जळगाव हे ऑस्ट्रिया, धुळे स्लोव्हाकिया आणि साक्रीपासून पुढे हंगेरी.

"तू मागे बस," त्यांनी मला सांगितलं. "मी दमलो तर परत येताना गाडी चालवायला कोणीतरी हवं."

आम्ही सकाळी निघालो. एरंडोलच्या अलीकडे नानांनी गाडी बाजूला घेतली. अक्कांनी पदर मुठीत आवळून धरला होता. त्या उतरून थोड्या चालल्या आणि परत येऊन बसल्या. पारोळ्याला चहा झाला. नाना रस्त्याकडे कमी आणि त्या मुठीकडे जास्त बघत होते. मूठ आवळली की गाडी थांबायची. धुळ्यात अक्का स्वतःहून म्हणाल्या, "चाला पुढे."

साक्री ओलांडून पिंपळनेरला जिजीच्या दारात गाडी उभी राहिली. अक्का उतरल्या, पदर नीट केला आणि ताठ चालत आत गेल्या. आतून जिजीचा आवाज आला, "इतला उशीर का करा वं?"

आम्ही दोघं बाहेर ओट्यावर बसलो.

"म्हणजे युरोप वगैरे सगळं यासाठी?" मी हळूच विचारलं.

"युरोप आहेच," नाना म्हणाले. "पण सरळ 'पिंपळनेरला चल' म्हटलं असतं तर ती गाडीत बसलीच नसती. इथं सगळे ओळखीचे. तिकडे उलटी झाली तरी कोण ओळखतं, असं म्हटल्यावर सरावाला तयार झाली."

"तुम्ही एकटे यायचं होतं ना अधूनमधून, जिजींना बघायला."

"तिला सोडून?" ते म्हणाले. मी काहीतरी विचित्र विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

जेवणानंतर अक्का दारात आल्या. "मी राहते जरा जिजीपाशी," त्या म्हणाल्या. "दादर ज्वारी फ्रिजशेजारच्या डब्यात आहे. दळून आणा आणि भाकरी समोरच्या काकूंना टाकायला सांगा."

"राहा," नाना म्हणाले. "हवे तेवढे दिवस राहा."

परतीला गाडी मी चालवली. नाना शेजारी बसले होते. साक्री मागे पडली तसे ते म्हणाले, "जरा बाजूला घे."

ते उतरले आणि शेताच्या बांधाशी माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. बराच वेळ झाला म्हणून मी पाण्याची बाटली घेऊन गेलो.

"गाडी लागली," नाना म्हणाले.

मी बाटली पुढे केली. त्यांनी चूळ भरली नाही. चष्मा काढून माझ्याकडे दिला, डोळ्यांवर पाणी मारलं आणि उपरण्याने पुसत म्हणाले, "चल आता. जरा बरं वाटतंय."