वाजणारे गुडघे

शरीर मेटाकुटीला आलं, की त्या थकव्याकडे नुसतं टक लावून बघायचं. मन लख्ख होतं आणि विसरलेलं सगळं आठवतं. हे ज्ञान मी ऑफिसात चहाबरोबर फुकट वाटतो. रविवारी ते घरीच वापरायची वेळ आली!

सकाळी प्लंबर येणार म्हणून बेसिनवरची डबी मी उचलून सुरक्षित जागी ठेवली होती. डबीत सासरेबुवांची कवळी. अकराला त्यांचं जुन्या सहकाऱ्यांपुढे भाषण, आयुष्यातलं पहिलं. महिनाभर आरशापुढे घोकलेलं. आणि ती सुरक्षित जागा माझ्या डोक्यातून साफ उडालेली.

"अहो, आठवा ना," बायको रडकुंडीला आली. सासरेबुवा तोंडावर रुमाल धरून माझ्याकडे बघत होते. ती नजर कवळीशिवायही चावत होती.

"काळजी नको. मी जिना चढतो."

"जिन्यात ठेवलीत?"

"छे, दमायला!"

चार मजले, खाली-वर. पोटऱ्या पेटल्या. बघितल्या. धाप लागली. तीही बघितली. पायरीपायरीला गुडघे खुळखुळ वाजत होते. वय झालं आपलं, असं वाटून गलबलून आलं, पण तेही बघितलं.

शेजारच्या नर्सबाईंनी दार उघडलं. "घरात भांडण झालं का हो?" मी हसून पुढे गेलो. त्या लगबगीने बायकोला धीर द्यायला आल्या.

शेवटी मी दारातच आडवा झालो, आणि काय सांगू, मन खरोखर लख्ख झालं. डबी माझ्याच विजारीच्या खिशात होती! फक्त सांगायला श्वास उरला नव्हता.

मी दातांकडे बोट केलं.

"दातखीळ बसतेय, चमचा आणा," नर्सबाई म्हणाल्या.

मी खिशाकडे बोट केलं. बायकोने हंबरडाच फोडला. "मला नकोत हो तुमचे पैसे, तुम्ही हवेत!"

तोंडात चमचा खुपसून दोघींनी मला उचललं. खुळखुळ झालं. सासरेबुवांनी कान टवकारले. महिनाभर घोकलेलं भाषण असं विजारीत वाजताना ऐकून त्यांनी सरळ माझ्या खिशात हात घातला, कवळी धुतली आणि बसवली.

"बाई, याला खाली ठेवा," ते खणखणीत बोलले. "जावईबापू, पावणेअकरा झाले. तुमचा पाय जिन्याला सरावलाच आहे. टॅक्सी घेऊन या."

गुडघे कामातून गेलेत, असं सांगणार होतो. उठताना कान देऊन ऐकलं. एकही वाजेना.