बॅलेच्या रांगेत बारावे

"नाई सोडत! धोतर नाई सोडत! चाळीस वर्षं हेच नेसून कापूस तोलला मॅडम, भरल्या बाजारात एक दिवस सुटलं नाई. आता तुमच्या बॅलेत सुटन काय?"

नामदेवकाका ओरडत होते. ओरडत म्हणजे, त्यांच्या मानाने कुजबुजतच होते. पण गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं जी उडाली ती थेट आर्वीला जाऊन बसली. भिंतीला ठोकलेला लाकडी दांडा धरून फ्रॉकातल्या अकरा पोट्ट्या रांगेत उभ्या होत्या. बारावे नामदेवकाका. वय बासष्ट, डोक्यावर टोपी, अंगात बंडी, पाय अनवाणी.

मॅडमनी हात टेकले. "ठीक है नामदेवजी, धोती ही सही. एड़ी ऊपर!"

काकांनी आधी दांड्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला, पुटपुटत मारुतीचं नाव घेतलं आणि टाचा उचलल्या. अकराच्या अकरा पोरींनी तस्संच केलं. त्या पोरी मोठ्या होऊन कुठे कुठे गेल्या, पण दांडा दिसला की आधी त्याच्या पाया पडतात म्हणे. त्यातलीच माझी बेबी तर बसमध्येसुद्धा पडते.

नामदेवकाका आमचे शेजारी. पुलगावच्या बाजारात आयुष्यभर मापारी होते, म्हणजे माल तोलायचा, त्यातली ओल वजा करायची आणि मोठ्यानं आकडा पुकारायचा. त्यांनी पुकारलेला आकडा नाचणगावात ऐकू यायचा आणि तिथले लोक घरबसल्या भाव ठरवायचे. रिटायर झाल्यावर काटा सुटला, तोलायचं काही सुटलं नाही. नजर टाकली की वजन सांगणार. आमच्या पोस्टात नवे साहेब आले, तर हारतुरे चालू असतानाच हे मागून म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर. हार धरून." शेजारच्या नव्या सुनेनं वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद काय? "सुखी राहा बाई. सत्तेचाळीस. ओल वजा करून." एकदा बाजारातला काटा आणि काका यांच्यात दोन किलोंचा फरक पडला, तर लोकांनी काटा उघडला. आत चिमणीचं घरटं निघालं, अंड्यांसकट. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण चिमणीला मी ओळखतो.

आता हा मापारी बॅलेत कसा पोचला? रेल्वेत एक नवे साहेब बदलून आले, त्यांच्या मिसेस कलकत्त्याच्या, त्याच या मॅडम. त्यांना हा पंजांवर उभं राहण्याचा विलायती नाच येत होता. जिनिंगचं एक गोदाम नवा कापूस येईपर्यंत रिकामं असायचं, ते त्यांनी मागून घेतलं आणि बाहेर पाटी लावली: 'बॅले क्लास. लहान मुले व मोठी माणसे, दोघांसाठी.' अख्ख्या पुलगावानं त्या पाटीचा अर्थ लावला, की लहानांनी नाचायचं आणि मोठ्यांनी बाकावर बसून पोरं सांभाळायची. एकटे नामदेवकाका पाटी वाचून आत गेले आणि म्हणाले, "मी मोठा माणूस हाओ. लिहा नाव."

गाव हसलं असतं आणि विसरलं असतं. पण एक गोष्ट होती. काकांच्या घरी काकू खाटेवर होत्या.

उन्हाळ्यात त्या नळावर घसरल्या, मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण काकूंच्या मनात जी पडण्याची भीती बसली ती बसली. पाय जमिनीला लावायला तयार नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "रोज धरून धरून उभ्या राहा. दिवाळीपर्यंत उभ्या राहिल्या नाहीत, तर पाय आखडतील. मग आयुष्यभर खाट." आणि अशा बाईचा नवरा रोज चार वाजता टोपी घालून नाचाच्या क्लासला!

मग काय विचारता! पानठेल्यावर दुसरा विषय नाही. "बायको खाटेवर अन् बुढा पंजावर!" "अबे, नाचाचंच होतं तं नाचणगावले जायचं, नाव तरी राह्यलं असतं!" काका थांबून ऐकून घ्यायचे, बोलणाऱ्याकडे पाहून "त्रेसष्ट" म्हणायचे आणि पुढे चालायचे.

त्यात त्यांची जीभ. पोरींना न्यायला आलेल्या आयांना दारातच "छप्पन्न", "एकसष्ट, मागच्या सोमवारी साठ होते" असं व्हायला लागलं. आया यायच्या बंद झाल्या. सात बाप मॅडमकडे गेले. "या म्हाताऱ्याले काढा, नाई तं आमच्या पोट्ट्या काढतो." सात गेल्या तर उरणार चार. मॅडम रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, शनिवारी पालकांना नाच दाखवू, मग ठरवू.

शनिवारी गोदाम गच्च. काकांना मॅडमनी कोपऱ्यात उभं केलं होतं. रेकॉर्ड लागली, पोरी दांड्यापासून सुटल्या, मधोमध आल्या, माझी बेबी एका पायावर उभी राहिली आणि लाइट गेली. रेकॉर्डचा आवाज म्हशीच्या रेकण्यासारखा लांबत लांबत बंद पडला. बेबी एका पायावर डगमगायला लागली. खालचा ओठ बाहेर आला. एक रडली की अकरा रडणार, हे कोणत्याही बापाला कळतं.

आणि कोपऱ्यातून आवाज आला, "लाऽऽभ!"

आमच्याकडे मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लक्ष्मीची सुरुवात.

"लाभ हो लाऽभ! दोन हो दोऽन! तीन हो तीऽन!"

बाजारात चाळीस वर्षं न चुकलेली लय ती. बेबीचा पाय खाली आला तो बरोबर 'दोन'वर. मग अकराही पोरी लाभावर वाकल्या, दोनवर उठल्या, तीनवर फिरल्या. चोवीसपर्यंत मोजलं तोवर नाच संपला होता आणि सातांपैकी सहा बाप टाळ्या वाजवत होते. सातवा वाजवत नव्हता, कारण त्याच्या हातात बाकीच्यांच्या टोप्या होत्या. माझ्या छातीवरचं तर गाडीभर ओझं उतरलं. पोरगी रडली नाही, हेच माझं बक्षीस. मॅडम त्यानंतर कलकत्त्याच्या तोंडानं "लाभ, दो, तीन, चार" म्हणू लागल्या.

काका क्लासात राहिले. पण काकूंचं काय? आळीतल्या बायकांनी मला घेरलं. "पोस्टबाबू, तुमचं ऐकते ते. सांगा ना त्याइले, बाईजवळ बसा म्हनाव."

मी गेलो. 'काका, शोभतं का हे?' असं वाक्य तोंडात घोळवतच अंगणात शिरलो, आणि वाक्य तोंडातच राहिलं.

पडवीच्या खांबांना कमरेएवढ्या उंचीवर बांबू बांधला होता. एका टोकाला काकू. उभ्या! लुगड्याचा काचा मारलेला, दोन्ही हातांनी बांबू घट्ट धरलेला, कपाळावर घाम. समोर काका, हात पसरलेले, पण काकूंना न लावलेले. दोघांच्याही टाचा वर.

"उचल व, आणखी उचल. पडत नाईस तू. मी पडलो काय?"

"तुमी नुसते उभे राहा. मले शिकवू नोका!" काकू ओरडल्या. मग त्यांना मी दिसलो. त्या लाजल्या, पण बांबू सोडला नाही. "या बाबू. डाक्टर म्हणे उभी राहा. मी म्हणली, मले भेव लागते, पडली तं? हे म्हणे, मी पह्यले करून पाह्यतो. मी नाई पडलो तं तूबी नाई पडत. तवापासून तिथं शिकून येते अन् मले इथं छळते."

काका टाचा खाली टेकवून बांबूची गाठ तपासू लागले. गाठ चांगली पक्की होती. तरी बराच वेळ तपासत राहिले.

"काका," मी म्हणालो, "गावाला सांगायचं तरी! काय काय बोलून राहिले लोक."

"ते घाबरली होती, हे गावाले काऊन सांगू?"

मी मात्र सांगितलं. पोस्टातून तिकिटांबरोबर वाटलं. बातमी पानठेल्यावर पोचेस्तोवर काकू विहिरीवरून उडी मारत होत्या आणि देवळीपर्यंत पोचल्यावर त्यांना मुंबईहून नाचायचं बोलावणं आलं होतं. वजनं ऐकून रुसलेल्या आया परत क्लासच्या दारात आल्या. "सांगा काका, आमचं किती?" असं आपण होऊन विचारू लागल्या.

दिवाळीच्या तोंडावर नवा कापूस आला, गोदाम रिकामं करायचा दिवस उजाडला. मॅडमनी सगळ्यांसमोर काकांना पुढे बोलावलं. त्यांचे डोळे भरले होते. पोरी, आया, बाप, आम्ही सगळे कान टवकारून उभे.

"नामदेवजी," मॅडम म्हणाल्या, "बताइए सबको, अब आपकी पत्नी क्या-क्या कर लेती हैं?"

काकांनी टोपी सारखी केली.

"मोरीपर्यंत जाते," ते म्हणाले. "एकटी."