तोंडाने काहीतरी वाजवा

भूमितीच्या मास्तरांना जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसांना व्यायाम हवा. तोंडाने काहीतरी वाजवत जा."

"तोंड तर रोजच वाजतं यांचं," बायको म्हणाली. तरी मास्तर माउथ ऑर्गन घेऊन आलेच.

फुंकलं की एक सूर, श्वास ओढला की दुसरा. पण मास्तरांच्या ओठांखाली एकदम तीन भोकं यायची आणि त्या तिघांचं आपसांत मुळीच पटायचं नाही. बायकोने त्यांना बैठकीतून स्वयंपाकघरात आणि तिथून न्हाणीघरात पिटाळलं. न्हाणीघरात आवाज दुप्पट झाला. वरच्या बिऱ्हाडाने जमिनीवर काठी आपटली. मास्तरांना वाटलं, कुणीतरी ताल धरतंय.

घरात तेव्हा बायकोचे थोरले भाऊ मुक्कामाला होते. चार दिवस म्हणून आले होते, ते बूड हलवायचं नाव घेत नव्हते.

"भाऊजी, हे रोजच असतं का?"

"हो. डॉक्टर म्हणालेत, हळूहळू वेळ वाढवा."

मेहुण्यांनी त्याच संध्याकाळी बॅग भरली.

त्यांच्यामागे दार लावून बायकोने न मागता चहा आणला. "थांबलात का? वाजवा ना!"

मास्तरांना भरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात हिला आपलं काहीतरी आवडलं! ते इरेला पेटले. ओठ सोलून निघाले, पण आईची जुनी अंगाई त्यांनी बसवलीच.

तेवढ्यात मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा, ताईंचा, येत असल्याचा फोन आला.

"वन्सं आल्या की दोन्ही वेळा वाजवायचं हं," बायको जेवण वाढताना म्हणाली.

"ताईला आवडेल ना गं?"

"आवडायला कशाला हवं? दादा कसा पळाला, पाहिलंत ना?"

मास्तरांच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणजे तो चहा त्यासाठी होता! मग त्यांनीही मनाशी ठरवलं, आता असं वाजवायचं, की ताई जाता कामा नये.

ताई आल्या. मास्तरांनी समोर बसून अंगाई वाजवली. एकही सूर चुकला नाही. ताई डोलल्या, त्यांनी डोळे टिपले, भावाच्या गालांवरून हात फिरवला. "किती गोड रे! आता महिनाभर मी हलत नाही बघ."

"मुद्दाम नीट वाजवलंत!" बायको दातओठ खात पुटपुटली. मास्तरांची छाती फुगली.

इतक्यात ताईंनी भावजयीला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी लागल्या. आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटत होतं, पण शब्द न् शब्द घरभर ऐकू गेला.

"अगं, माझं कानाचं यंत्र दे बाई टेबलावरचं. हा बाजा घेऊन बसला तेव्हाच काढून ठेवलं मी. लहानपणापासून असाच आहे तो. कौतुक केलं की लवकर थांबतो."

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. माउथ ऑर्गन हातात धरून ते उठून उभे राहिले.

ताईंना वाटलं, पुन्हा सुरू करतोय. त्यांनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या.