सतरावा रकाना

राज्यकारभारात दोन प्रकारची कामं असतात. काही केलीच पाहिजेत आणि काही केली तर बरं. पहिल्या प्रकारासाठी सरकारने पोलीस, तुरुंग आणि तहसीलदार नेमलेले आहेत; दुसऱ्या प्रकारासाठी अहवाल आहे. पाकिस्तानच्या घटनेत या दुसऱ्या प्रकाराला बारा कलमं दिली आहेत आणि त्यांना 'धोरणाची तत्त्वं' असं भारदस्त नाव आहे. निरक्षरता घालवावी, न्याय स्वस्तात आणि लवकर मिळावा, अन्न-वस्त्र-निवारा सगळ्यांना असावा, व्याज शक्य तितक्या लवकर बंद व्हावं, बायकांना सगळ्या क्षेत्रांत पुरता वाव मिळावा, असं त्यात लिहिलं आहे. वाचून कोणाचाही गळा दाटून यावा.

लिहिणारी माणसं दूरदृष्टीची होती. एवढं सगळं लिहून झाल्यावर त्यांना स्वतःच्याच चांगुलपणाची धास्ती वाटली असावी, म्हणून त्यांनी दाराला तीन कड्या घातल्या. जिथे खर्चाचा प्रश्न येईल तिथे साधनं परवानगी देतील तितपतच पाळायचं. पाळलं नाही म्हणून कोणाला कोर्टात जाता येणार नाही. आणि पाळलं की नाही हे ज्याने पाळायचं त्यानेच ठरवायचं. (शेजारच्या देशाच्या घटनेतही अशीच तत्त्वं आहेत असं ऐकतो. तिथे ती अर्थातच तंतोतंत पाळली जातात.) एक गोष्ट मात्र सक्तीची ठेवली: तत्त्वं कितपत पाळली याचा अहवाल दरवर्षी सभागृहापुढे मांडायचा.

लाहोरातल्या एका सरकारी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, हा अहवाल लिहिणारा एक कक्ष होता आणि तसद्दुक हुसेन हे गेली बावीस वर्षं त्या कक्षाचे प्रमुख होते. हाताखाली पाच माणसं. बिरादरीचा अभिमान निरुत्साहित करावा असं एक तत्त्व आहे. पाचांपैकी चौघे तसद्दुकसाहेबांच्याच बिरादरीचे होते आणि पाचवा, कामिल वडैच, बाहेरचा होता. म्हणून त्या सदराखाली 'वीस टक्के प्रगती' अशी नोंद दरवर्षी होत असे.

साहेबांचा अहवाल म्हणजे शंभर नंबरी काम. एकूण दोनशे बारा परिच्छेद. त्यांतले एकशे नव्वद मागच्या वर्षीचे, विसांत फक्त सन बदललेला आणि दोन कोरे, पुढे साधनं उपलब्ध झाली तर असावेत म्हणून. खरी करामत क्रियापदांत होती. नव्या माणसाला ते आधी क्रियापदांची उतरंड शिकवत. सगळ्यांत खाली 'विचार करील'. त्यावर 'उत्तेजन देईल', मग 'सोय करण्याचा प्रयत्न करील', आणि अगदी वर, फार मोठ्या प्रसंगी, 'प्रयत्नांची पराकाष्ठा करील'. त्याच्याही वर एक क्रियापद असतं, नुसतं 'करील'. ते त्यांनी कधी वापरलं नव्हतं. वरच्या फळीवरच्या काचेच्या भांड्यांसारखं ते पाहुण्यांसाठी राखून ठेवलं होतं आणि तसे पाहुणे कधी आलेच नाहीत.

त्यांची मुलगी अंबरीन जनावरांची डॉक्टर होत होती. तिची शिकण्याची दोन वर्षं बाकी होती. लहानपणी साहेब घरी अहवालाची मुद्रितं आणत तेव्हा चुका शोधायला तीच बसायची. इतर मुलं परीकथांवर वाढतात, ही 'लवकरात लवकर'वर वाढली. त्यामुळे कामिल वडैचचं स्थळ आलं, तेव्हा ती मुलाच्या पगाराबद्दल किंवा उंचीबद्दल काही बोलली नाही. मुलगा तिलाही आवडला होता. तिने फक्त एक अट घातली: लग्नानंतर आपलं शिक्षण पूर्ण होईल, हे निकाहनाम्याच्या सतराव्या रकान्यात लिहून हवं.

सतरावा रकाना खास अटींचा असतो. तिथे लिहिलेलं कोर्टात उभं राहतं, म्हणूनच तिथे सहसा कोणी काही लिहीत नाही. बहुतेक काझी घरून निघतानाच त्यावर पट्टी धरून काट मारून येतात, म्हणजे मंडपात वेळ जात नाही आणि कोणाचं मन दुखत नाही. हजारो मुलींचं शिक्षण, नोकरी आणि माहेरी जाणं त्या एका तिरक्या रेघेखाली सुखाने नांदत आहे.

"बघतो, बेटा," साहेब म्हणाले.

"अब्बू, 'बघतो' उतरंडीत कुठे बसतं?"

"'विचार करील'च्या खाली," साहेबांच्या तोंडून निघून गेलं. त्यांना खोटं लिहिता येत असे, बोलता येत नसे.

त्यांनी मुलाकडे निरोप धाडला. मुलाची आई शमीमबी मोठ्या मनाची बाई. तिने, हो हो, का नाही, आमच्या घरात सुनेला मुलीसारखंच ठेवतात, आजवर कोणी तक्रार केलेली नाही, असं कळवलं. (तिच्या घरात आजवर सून आलेली नव्हती.) आठ दिवसांनी मुलाकडून अटीचा मसुदा आला. कामिलने स्वतः बसून लिहिला होता:

'वर हा वधूच्या शिक्षणास, कुटुंबाची साधने परवानगी देतील तितपत, योग्य ते उत्तेजन देईल आणि ते शक्य तितक्या लवकर पूर्ण व्हावे यासाठी प्रयत्नांची पराकाष्ठा करील. सदर उत्तेजन दिले गेले किंवा कसे, हे ठरवण्याची जबाबदारी वराची राहील.'

पहिल्या वाचनात साहेबांचा ऊर भरून आला. स्वल्पविराम जिथल्या तिथे होते. 'किंवा कसे' तर अशा जागी पडलं होतं, की खुद्द त्यांना ते सुचायला दहा वर्षं लागली होती. बावीस वर्षांत एक तरी शिष्य निघाला, असं त्यांना वाटलं. त्यांनी बायकोला वाचून दाखवलं. नुजहतबी म्हणाल्या, छान आहे, त्यात पोरीला काय मिळतं? तेव्हा त्यांनी ते दुसऱ्यांदा, आता बाप म्हणून, वाचलं. लाहोर शहरात सवा कोटीच्या आसपास माणसं असतील. या वाक्याचा अर्थ नेमका काय होतो हे त्यांतल्या ज्या एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, त्याचीच मुलगी त्या वाक्यात राहायला जाणार होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी कामिलला बोलावून घेतलं आणि दार लावलं.

"नुसतं 'शिकवीन' असं लिहायला काय होतंय तुला?"

"सर, माझं काही नाही. अम्मीला 'करीन' हा शब्द सोसत नाही. घरात भांडण होईल." कामिल खरोखर अवघडला होता. "आणि सर, या शब्दांवर आजवर कोणी आक्षेप घेतलेला नाही. तुम्हीच सांगता."

"मी सरकारबद्दल सांगतो."

"हवं तर मी दरवर्षी अहवाल देईन, सर. तुमच्या घरी आणून."

मुलगा लबाड असता तर साहेबांनी त्याला हाकलून दिलं असतं. पण तो साधा होता, त्याला हे सगळं खरंच चांगलं वाटत होतं, आणि तो चांगलेपणा त्याला कोणी शिकवला हे विचारण्याची सोय नव्हती. त्या दिवशी त्यांना चहा कडू लागला. घरी जाऊन त्यांनी अंबरीनला मसुदा दाखवला. तिने वाचला, एका जागी राहिलेला अनुस्वार घातला आणि परत दिला.

लग्न एका मंगल कार्यालयात दुपारी लागायचं होतं. इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आमच्या प्रांतात लग्नाच्या जेवणात एकापेक्षा जास्त सालन, म्हणजे रस्सा, वाढायला बंदी आहे. हे तत्त्व नव्हे, कायदा आहे. त्याला दंड आहे आणि पातेली मोजायला माणूस येतो. म्हणजे निरक्षरता घालवणं हे ज्याच्या त्याच्या साधनांवर आहे, पण कोंबडीशेजारी मटण ठेवलं तर सरकारकडे साधनं निघतात. तसा एक निरीक्षक त्या दिवशीही आला होता. त्याने झाकणं उघडून पाहिली, एकच कोरमा असल्याची खात्री केली आणि जेवायला थांबला.

काझी हाफिजसाहेब वेळेवर आले. त्यांनी सवयीने सतराव्या रकान्यावर रेघ मारून आणलीच होती. कामिलने ती पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावर आलेली सुटका साहेबांना दिसली. त्यांनी खिशातला मसुदा चाचपला. काढावा की नको? काढला तरी त्यात होतं काय? त्यांनी तो तसाच राहू दिला आणि हाफिजसाहेबांबरोबर, दोन साक्षीदार घेऊन, मुलीची संमती विचारायला बायकांच्या बाजूला गेले. चालताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटत होती, की त्यांनी मुलीकडे न बघता तिच्या मेंदीकडे बघितलं.

हाफिजसाहेबांनी मुलाचं नाव, बापाचं नाव, मेहरची रक्कम सगळं रीतसर उच्चारलं आणि विचारलं, "कबूल आहे?"

अंबरीनने मान वर केली. "साधनं परवानगी देतील तितपत कबूल आहे," ती म्हणाली. "कबूल झालं किंवा कसं, हे ठरवण्याची जबाबदारी माझी राहील."

शमीमबीच्या हातातला पेढा हातातच राहिला. हाफिजसाहेबांनी तीस वर्षांत रडणाऱ्या मुली पाहिल्या होत्या, गप्प राहणाऱ्या पाहिल्या होत्या, पण स्वल्पविराम घालणारी पाहिली नव्हती. त्यांना ऐकण्यात चूक झाली असं वाटलं आणि त्यांनी पुन्हा विचारलं.

"प्रयत्नांची पराकाष्ठा करीन," अंबरीन म्हणाली.

"बेटी, निकाहात असं चालत नाही," हाफिजसाहेब म्हणाले. "हो म्हण, नाहीतर नाही म्हण. मधलं काही नसतं."

"मग सतराव्या रकान्यातही मधलं काही नको."

शमीमबी म्हणाली, ही कसली भाषा, कुठे शिकली ही? याचं उत्तर मंडपात एकाच माणसाला माहीत होतं. तो हाफिजसाहेबांच्या हातातला निकाहनामा घेऊन कामिलपाशी गेला आणि त्याच्या शेजारी बसला. सगळे बघत होते. निरीक्षकानेसुद्धा घास थांबवला.

साहेबांनी हाफिजसाहेबांची रेघ खोडली. (सरकारी माणसाने रेघ खोडण्याचा हा पहिलाच प्रसंग, तोवर ते फक्त रेघा मारत.) मग त्या अरुंद जागेत लिहायला घेतलं. बावीस वर्षांच्या सवयीने पेन आपोआप 'योग्य ते'कडे वळत होतं, ते त्यांनी दोनदा वळवून आणलं. शेवटी लिहून झालं: 'अंबरीन आपलं शिक्षण पूर्ण करील. कामिल तिला अडवणार नाही.' त्यांनी कागद जावयापुढे धरला.

"सर, यात सवलत कुठे आहे?" कामिलने हळूच विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. "सही कर."

कामिलने पाठोपाठ आलेल्या आईकडे पाहिलं. मग बायकांच्या बाजूला पाहिलं, जिथून अजून होकार यायचा होता. कोरमा निवत होता, तो एकच होता, आणि चार वाजता कार्यालयात दुसरं लग्न होतं. त्याने सही केली. आतून तीनदा 'कबूल आहे' असं ऐकू आलं, एकाही स्वल्पविरामाशिवाय, आणि साहेब सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. लोकांना वाटलं, मुलगी सासरी निघाली म्हणून.

अंबरीन दोन वर्षांनी डॉक्टर झाली. आता ती म्हशीला इंजेक्शन देते तेव्हा दोरी कामिल धरतो आणि घट्ट धरतो. शमीमबी शेजारणींना सांगते, शिकवली बरं का आम्ही सुनेला. त्यावर आक्षेप घेण्याचा अधिकार कोणाला नाही.

साहेबांना मात्र त्या शब्दाची चटक लागली. लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी त्यांनी अहवालातल्या निरक्षरतेच्या परिच्छेदात 'सरकार निरक्षरता दूर करील' असं लिहून वर पाठवलं. सचिवांनी 'करील'भोवती लाल गोल काढला, बाजूला 'टंकदोष' असं लिहिलं आणि कागद परत आला. दुरुस्त प्रत रीतसर सभागृहापुढे ठेवण्यात आली. सभासदांनी ती वाचली किंवा कसं, हे सभासदांनीच ठरवलं.

आता हसून झालं असेल तर एक नोंद. गेल्या आठवड्यात तुमच्या घरात कोणीतरी तुमच्याकडे काहीतरी मागितलं होतं आणि तुम्ही 'बघू' म्हणाला होतात. घाबरू नका, त्यासाठी तुम्हाला कोणी कोर्टात खेचणार नाही, आणि ते पाळलंत की नाही हे तुम्हीच ठरवायचं आहे. फक्त त्यावर ती 'बरं' म्हणाली होती ना, ते 'बरं' साधनं परवानगी देतील तितपत होतं किंवा कसं, तेवढं एकदा विचारून घ्या.